पिकअप एका बाजूला कलते तेव्हा: दोष शोधण्याची आणि दुरुस्तीची सविस्तर रीत

कांद्याच्या हंगामात लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात पहाटे उभ्या असलेल्या पिकअपच्या रांगेकडे मागून पाहिले, तर त्यांतल्या काही रिकाम्या गाड्याही एका अंगावर कललेल्या दिसतात. मालकाला ते रोजचेच झालेले असते. गाडी चालते, माल पोहोचतो, मग तिच्या कलण्याकडे कोण पाहणार, अशी समजूत असते. परंतु रिकामी गाडी कलते, याचा अर्थ तिच्या चार आधारांपैकी एक आधार आपल्या वाट्याचे वजन पूर्वीसारखे पेलत नाही, आणि तीच गाडी दीड टन माल भरून घाटात उतरते तेव्हा हा कमजोर आधारच आधी दगा देतो. ब्रेक लावताच गाडी एकीकडे ओढते, वळणावर हौद्यातला माल कललेल्या बाजूला लोटला जातो, आणि पाट्याचे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या, म्हणजे पानांच्या, स्प्रिंगचे) एक पान तुटून त्याच्या वाट्याचे वजन उरलेल्या पानांवर येऊन अखेरीस मेन पाटाच, म्हणजे टोकांना डोळे असलेले मुख्य पानच, तुटला, तर एक्सल जागेवरून सरकतो.

या दुरुस्तीत सर्वाधिक पैसा चुकीच्या निदानापायी वाया जातो. कलणे एका कोपऱ्यात दिसते आणि दोष दुसऱ्याच कोपऱ्यात असतो, ही गोष्ट या कामात पुन्हा पुन्हा अनुभवास येते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी टेप हातात घ्यावी, आणि मोजमापाने कोपरा निश्चित झाल्याशिवाय एकही सुटा भाग विकत आणू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. गाडी कलली की अनेक जण आधी शॉकॲब्जॉर्बर बदलतात. शॉकॲब्जॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. पाटा दबल्यावर किंवा उसळल्यावर होणारी हालचाल शांत करणे एवढेच त्याचे काम. गॅस भरलेला शॉकॲब्जॉर्बर थोडा रेटा देतो हे खरे, पण कललेली गाडी सरळ करण्याइतका तो नसतो. तेल गळणारा शॉकॲब्जॉर्बर अवश्य बदलावा, मात्र त्याने कल जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. उभ्या गाडीचा कल ठरतो तो टायर, पाटे किंवा कॉइल (वेढ्यांची स्प्रिंग), त्यांचे बुश (सांध्यातली रबरी किंवा धातूची नळी), शॅकल (पाट्याचे टोक टांगणारी झुलती कडी) व हँगर (पाटा चेसिसला धरणारे ब्रॅकेट), आणि चेसिस व तिच्यावरची बॉडी यांवरून.

गाडी खरोखर कलली आहे का

आपल्याकडे रस्त्याचा मध्य उंच आणि कडा उतरत्या असतात, आणि गाड्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे रस्त्याकडेला उभी केलेली प्रत्येक गाडी डावीकडे थोडी कललेली दिसते. अंगणातली फरशी किंवा गॅरेजसमोरचे काँक्रीटही पाणी वाहून जावे म्हणून उतारावरच केलेले असते. म्हणून आधी जागा तपासावी. यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी पुरेशी आहे. चार चाके जिथे टेकणार त्या चार जागांवर खडूने खुणा कराव्यात आणि नळी लावून त्यांच्या उंचीतला फरक पाहावा. डाव्या-उजव्या चाकांच्या जागांमध्ये तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर सखल चाकाखाली पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे घालून जागा सपाट करून घ्यावी.

त्यानंतर टायर. चारही टायरांत कंपनीने सांगितलेली हवा थंड टायरवर भरून घ्यावी आणि टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचून दोन्ही बाजूंचे माप एकच असल्याची खात्री करावी. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला, किंवा पंक्चरच्या वेळी लावलेली वेगळ्या मापाची स्टेपनी तशीच राहिलेली, एवढ्यानेही गाडी कलते. शंका असेल तर डावी-उजवी चाके अदलाबदल करून पाहावीत. कल बाजू बदलत असेल तर पुढचे काहीही करण्याची गरज उरत नाही.

वजनाचाही विचार करावा. बहुतेक पिकअपची डिझेलची टाकी चेसिसच्या एका बाजूला टांगलेली असते. साठ लिटर डिझेलचे वजन सुमारे पन्नास किलो भरते. त्याच बाजूला बॅटरी आणि हत्यारांची पेटी असेल, तर रिकामी गाडी काही मिलिमीटर कलणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आणि टोयोटा टाकोमा चालवणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रकार परिचयाचा असेल. तिथे चालकाची बाजू किंचित खाली असल्याची तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की, त्या बाजूच्या पुढच्या कॉइलवर पाव इंच जाडीची चकती घालणे हा तिचा रूढ उपाय झाला आहे. म्हणून मोजताना हौदा पूर्ण रिकामा करावा, सीटमागचे सामान काढावे, टाकीत नेहमीइतके डिझेल असू द्यावे आणि केबिनमध्ये कोणी बसू नये.

शेवटची काळजी सोपी आहे, पण तीच बहुतेक वेळा विसरली जाते. पाट्यांमध्ये एकमेकांवर घासण्याचा विरोध असतो. माती आणि गंज साचलेल्या जुन्या पाट्यांत तो अधिकच असतो. त्यामुळे जॅकवरून खाली उतरवलेली किंवा वळण घेऊन थांबलेली गाडी लगेच आपल्या खऱ्या उंचीवर येत नाही. स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी दहा-पंधरा फूट मागे-पुढे घ्यावी, चारही कोपरे हाताने दाबून सोडावेत, आणि मग मोजावे. असे तीनदा करून सरासरी धरावी.

चेसिस कलली की वरचा सांगाडा

पिकअपची रचना मोटारीसारखी एकसंध नसते. खाली दोन लांब रुळांची चेसिस, तिच्यावर रबरी माउंटिंगांवर टेकलेली केबिन, आणि मागे वेगळा बसवलेला हौदा, असे तीन तुकडे असतात. हौदा तर पुष्कळदा स्थानिक बॉडीवाल्याने बांधलेला असतो आणि चेसिस व हौद्याची आडवी चॅनेल यांच्यामध्ये लाकडी किंवा रबरी पट्ट्या घातलेल्या असतात. लाकडी पट्टी एका बाजूने कुजली, किंवा केबिनचे एक माउंटिंग चिरडले गेले, तर चेसिस अगदी समतल असूनही गाडी कललेली दिसते. अशा गाडीचे पाटे बदलून काहीच साधणार नाही.

म्हणून पहिले माप जमिनीपासून चेसिसच्या रुळाच्या खालच्या कडेपर्यंतचे घ्यावे. पुढच्या एक्सलच्या रेषेत डावीकडे आणि उजवीकडे, तसेच मागच्या एक्सलच्या रेषेत डावीकडे आणि उजवीकडे, असे चार आकडे कागदावर लिहावेत. रुळावर वंगण आणि माती जमलेली असते. मोजण्याची जागा वायर ब्रशने घासून घ्यावी. दुसरे माप प्रत्येक चाकाच्या मध्यापासून त्याच्या वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभे घ्यावे. या मापात टायरचा दोष येत नाही, पण बॉडीचा येतो. पहिल्या मापात फरक नसेल आणि दुसऱ्यात असेल, तर दोष माउंटिंगांत किंवा हौद्याखालच्या पट्ट्यांत आहे. दोन्हींत असेल, तर पुढे जावे.

आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चेसिसचे दोन रूळ एकमेकांपासून साधारण अडीच-पावणेतीन फुटांवर असतात आणि हौद्याच्या कडा त्याच्या दुपटीहून दूर. त्यामुळे रुळांमध्ये पंधरा मिलिमीटरचा फरक आढळला, तर हौद्याच्या कडांशी तोच फरक तीस-पस्तीस मिलिमीटरचा होऊन डोळ्यांत भरतो. माझ्या अनुभवाने, मडगार्डशी दहा-बारा मिलिमीटरपर्यंतचा फरक रिकाम्या पिकअपमध्ये चालण्यासारखा आहे. त्याहून अधिक असेल, किंवा कमी असूनही महिन्यागणिक वाढत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

दोष पुढचा की मागचा

हा या साऱ्या कामाचा गाभा आहे. चेसिस ताठ असते. पुढचा डावा पाटा दबून बसला, की तो चेसिसचा पुढचा डावा कोपरा खाली ओढतो आणि ताठ चेसिस मागचा डावा कोपराही सोबत घेऊन खाली जाते. वरून हौदा रुंद आणि डोळ्यांसमोर असल्यामुळे पाहणाऱ्याला गाडी मागून बसली आहे असेच वाटते, आणि मागचे धडधाकट पाटे खोलले जातात.

पुढचे आणि मागचे परिणाम वेगळे करण्याची युक्ती अशी. मागच्या पाट्यांना या हिशेबातून बाहेर काढण्यासाठी चेसिसच्या मागच्या आडव्या चॅनेलचा अचूक मध्य मोजून तिथे ट्रॉली जॅक लावावा आणि मागचे टायर जमिनीवरून जेमतेम सुटेपर्यंत गाडी उचलावी. आता मागची बाजू एकाच बिंदूवर टेकलेली आहे. तिला डावे-उजवे असे मत उरलेले नाही, आणि गाडी कोणत्या बाजूला कलायचे ते फक्त पुढचे पाटे ठरवीत आहेत. या स्थितीत पुढच्या दोन्ही रुळांची उंची मोजावी. फरक वाढला, तर दोष पुढे आहे. नाहीसा झाला, तर पुढची बाजू निर्दोष आहे. मग गाडी खाली घेऊन, मागे-पुढे हलवून, पुढच्या आडव्या चॅनेलच्या मध्यावर जॅक लावून हीच कृती उलट करावी आणि मागच्या रुळांची उंची मोजावी.

ही कृती करताना गाडीखाली जायचे नाही, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. एका जॅकवर तोललेली गाडी कलू शकते, नव्हे, ती कलावी म्हणूनच आपण तिला तसे ठेवले आहे. दोन्ही रुळांखाली इंचभर जागा सोडून भक्कम स्टँड उभे करून ठेवावेत, म्हणजे जॅक सरकलाच तर गाडी त्यांवर टेकेल. उंची बाहेरूनच, टेप जमिनीवर टेकवून मोजावी. मागची बाजू उचलली, की हँडब्रेक निरुपयोगी होतो, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. स्टँडच्या जागी विटा किंवा दगड रचू नयेत. वीट भाराखाली सूचना न देता फुटते. गाडीसोबत मिळणारा लहान जॅक या कामाचा नाही.

एका द्राक्षबागायतदाराच्या पिकअपचे आकडे उदाहरणादाखल देतो. गाडी डावीकडे कलत होती, आणि माझ्याकडे येण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये तिचे मागचे दोन्ही शॉकॲब्जॉर्बर नवे घालून झाले होते. सपाट जागेवर पुढच्या रुळांमध्ये १७ मिलिमीटर आणि मागच्या रुळांमध्ये १६ मिलिमीटर फरक होता. दोन्ही वेळा डावी बाजू खाली. मागची बाजू मध्यावर उचलली, तेव्हा पुढचा फरक १७ वरून ३० झाला. पुढची बाजू मध्यावर उचलली, तेव्हा मागचा फरक अवघ्या २ वर आला. म्हणजे मागचे पाटे निर्दोष होते. उलट, पुढच्या डाव्या बाजूचा निम्मा कल तेच सावरून धरत होते. पुढचा डावा पाटा खोलल्यावर तिसरे पान सेंटर बोल्टच्या (सगळी पाने एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकातून आडवे तुटलेले निघाले. वरून क्लॅम्पने झाकलेले असल्यामुळे ते गाडीखाली झोपून पाहणाऱ्या कुणालाच दिसले नव्हते.

दोन्ही चाचण्यांत एकाच दिशेचा फरक उरला, तर दोन्हीकडे दोष आहे असे समजावे. पुढची चाचणी डावीकडे आणि मागची चाचणी उजवीकडे कल दाखवत असेल, तर मात्र चेसिसला पीळ पडल्याचा संशय घ्यावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पाट्यांची तपासणी

आता कोपरा ठाऊक झाला. गाडी सपाट जागेवर चार चाकांवर उभी करून, चाकांना ठोकळे लावून, टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन त्या कोपऱ्याचा आणि त्याच्या समोरच्या निर्दोष कोपऱ्याचा पाटा शेजारी-शेजारी ठेवल्यासारखा तुलना करत पाहावा. एकटा पाटा पाहून काही कळत नाही. दोहोंतला फरक पाहावा लागतो.

सर्वांत आधी पाने मोजावीत. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला सहा, असे आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. वाटेत पाटा तुटला की तुटलेले पान काढून टाकून गाडी चालती केली जाते आणि नंतर ते तसेच राहते. पानांची जाडीही पाहावी, कारण बाजारात दुसऱ्या गाडीचे पान कापून बसवण्याची पद्धत आहे. मग पानांच्या कडा घासून स्वच्छ कराव्यात आणि आडव्या रेषेवर गंजाची तांबूस लकीर दिसते का ते शोधावे. तडा गेलेल्या जागी पाणी शिरून तिथूनच तांबूस ओघळ येतो. पाटा तुटण्याची ठिकाणे ठरलेली आहेत: सेंटर बोल्टचे भोक, यू बोल्टच्या (पाटा एक्सलला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या) क्लॅम्पची कड, आणि मेन पाट्याच्या डोळ्याजवळचा वाक. दोन पानांमध्ये एका जागी अचानक फट पडलेली दिसली, किंवा एखादे पान बाजूला सरकलेले दिसले, तर तेही तुटल्याचे लक्षण समजावे.

पान तुटलेले नसेल तर पाटा बसला आहे का ते मोजावे. पाट्याच्या एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून धरावी आणि सेंटर बोल्टच्या जागी सुतळी व मेन पाटा यांतले अंतर मोजावे. हीच पाट्याची कमान. दोन्ही बाजूंच्या कमानीत जो फरक येईल, तो चेसिसच्या उंचीतल्या फरकाशी जवळपास जुळला, तर पाटा बसला आहे हे निश्चित. कमानीत फरक नसेल आणि तरीही चेसिस खाली असेल, तर पाटा निर्दोष असून दोष त्याच्या टोकांशी, म्हणजे शॅकल, बुश किंवा हँगरपाशी आहे.

एकच बाजू का बसते, याचेही उत्तर शोधावे. दुधाचे कॅन, पाण्याचे जार किंवा गॅसची सिलिंडरे वाहणाऱ्या गाड्यांत माल उतरवण्याची बाजू ठरलेली असते, आणि अर्धी फेरी झाली की उरलेला सारा भार दुसऱ्या बाजूला राहतो. वर्षानुवर्षे असे चालले, की तीच बाजू बसते. नवा पाटा घालून भरण्याची पद्धत मात्र तीच ठेवली, तर तोही त्याच वाटेने जाईल. अर्धा माल उतरला की उरलेला हौद्याच्या मध्यावर ओढून घ्यावा, एवढी सवय चालकाला लावली तरी पुष्कळ फरक पडतो.

शॅकल, बुश आणि हँगर

पाट्याचे पुढचे टोक सहसा चेसिसवरच्या ब्रॅकेटला थेट बसवलेले असते आणि मागचे टोक शॅकलला टांगलेले असते, म्हणजे दबताना पाट्याची लांबी वाढली तरी त्याला सरकायला जागा मिळते. दोन्ही बाजूंच्या शॅकलचा कोन लांबून पाहून ताडून घ्यावा. एक शॅकल उलटा फिरून चेसिसला टेकलेला असेल, तर त्या बाजूची उंची बदलते आणि पाट्याची हालचालही अडते. बुश संपला असेल, तर डोळ्यात पहार घालून हलक्या हाताने उचकल्यावर पिन वर-खाली हलताना दिसते. जिथे ब्रॅकेट रिव्हेटने किंवा बोल्टने चेसिसला बसवलेले आहे, तिथला रंग उडून चकचकीत धातू दिसत असेल, तर ब्रॅकेट हलते आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि मासे वाहणाऱ्या गाड्यांत तर हँगरच्या मागचा चेसिसचा पत्राच आतून खाल्लेला असतो. तिथे हातोडीने हलकेच ठोकून पाहावे; भरीव आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर आधी चेसिसचे काम करावे.

बुशबाबत एक चूक इतकी सर्रास होते की, तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे मी आवश्यक समजतो. रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाही. तो आतल्या आणि बाहेरच्या कड्यांना घट्ट धरून स्वतः पीळ खातो. गाडी जॅकवर असताना, पाटा मोकळा लोंबकळत असताना डोळ्याचे बोल्ट आवळले, तर त्या लोंबत्या स्थितीतच बुश पकडला जातो. गाडी खाली घेतली, की तो कायमचा पिळलेला राहतो, ती बाजू वर रेटून धरतो, आणि काही महिन्यांत फाटतो. एका बाजूचे बोल्ट असे आणि दुसऱ्या बाजूचे वेगळ्या स्थितीत आवळले गेले, तर काम झालेली गाडी पुन्हा कलते. म्हणून नुकत्याच दुरुस्त केलेल्या गाडीत कल आला असेल, तर काहीही खोलण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी असताना ते बोल्ट ढिले करावेत, गाडी दाबून-सोडून स्थिर होऊ द्यावी, आणि पुन्हा आवळावेत. अनेकदा तेवढ्यावरच काम भागते. ग्रीस निपल असलेल्या धातूच्या बुशला ही अट लागू नाही; त्यांना फक्त वेळच्या वेळी ग्रीस लागते.

पुढे पाटे नसतील तर

काही पिकअपना पुढे पाट्यांऐवजी कॉइल असते. इसुझू डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्स या त्यांतल्या परिचित गाड्या. कॉइलचे खालचे टोक वाटीत नीट बसले आहे का आणि शेवटचा वेढा तुटलेला नाही ना, हे टॉर्चने पाहावे. कॉइल सहसा वाटीत माती साचून गंजलेल्या जागीच तुटते. टॉर्शन बार (स्वतः पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी) असलेल्या गाडीत उंची कमी-जास्त करण्यासाठी एक बोल्ट असतो आणि तो फिरवून कल तात्पुरता घालवता येतो. मात्र पुढच्या एका कोपऱ्याला वर उचलले, की तिरपा समोरचा मागचा कोपरा दबतो. म्हणून बोल्ट अर्धा फेराच फिरवावा, गाडी हलवून स्थिर करावी, चारही उंची पुन्हा मोजाव्यात आणि मगच पुढचा अर्धा फेरा द्यावा. पुढे आडवी अँटीरोल दांडी (वळणावर गाडीचे कलणे रोखणारी) असेल, तर सपाट जागेवर तिची एक लिंक सोडवून पाहावी; लिंक सोडताच कल कमी झाला, तर दांडी वाकलेली आहे किंवा दोन्ही लिंक वेगळ्या लांबीच्या आहेत.

चेसिसचा पीळ

पुढच्या आणि मागच्या चाचण्यांनी उलट दिशेचा कल दाखवला असेल, तर पुढच्या व मागच्या आडव्या चॅनेलवर लेव्हल नळी लावून दोहोंचा कल ताडून पाहावा. ताठ, सरळ चेसिसवर दोन्ही कल सारखेच यायला हवेत. त्यानंतर चेसिसवरच्या चार सममित बिंदूंपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि त्यांचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत पाच-सात मिलिमीटरहून अधिक तफावत असेल, तर गाडी अपघातात सापडून गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. हे काम चेसिस सरळ करणाऱ्या यंत्रावरच व्हायला हवे. पाट्याखाली पट्ट्या घालून असा पीळ झाकणे मला धोक्याचे वाटते. जुनी पिकअप विकत घेताना ही मापे घेण्यासाठी अर्धा तास मागून घ्यावा.

दुरुस्ती: काय करावे आणि काय टाळावे

तुटलेले एखादेच पान असेल आणि बाकीचा संच निरोगी असेल, तर तेवढे पान त्याच जाडीचे आणि त्याच लांबीचे बदलून चालते. पाटा बसला असेल, तर दोन्ही बाजूंचे संच एकदम बदलणे सर्वांत चांगले. एकाच बाजूला नवा संच घातला, तर जुन्याच्या तुलनेत ती बाजू उंच राहून गाडी उलट दिशेला कलते.

कमान काढून देणाऱ्या दुकानांचा पर्याय स्वस्त आहे, आणि चांगला कारागीर असेल तर तो वाईटही नाही. पण तिथे काय केले जाते हे विचारून घ्यावे. थंड पाट्यावर घण मारून कमान दिली, तर ती उतरण्याची शक्यता राहते. भट्टीत लाल करून कमान दिली, तर पोलादाचे मूळचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते, आणि तेलात बुडवून पुन्हा पाणी दिल्याशिवाय व त्यानंतर ठरावीक उष्णतेवर ते नरमवून घेतल्याशिवाय पाटा एकतर मऊ पडतो किंवा काचेसारखा कडक होऊन तुटतो. ही सोय ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच, आणि दोन्ही बाजूंचे पाटे एकाच वेळी द्यावेत. पाट्याला वेल्डिंग कधीही करू नये. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होते आणि पाटा तिथेच तुटतो.

फक्त कललेल्या बाजूला एक जादा पान घालण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी केला जातो. त्याने उभी गाडी सरळ दिसते, पण ती बाजू दुसरीपेक्षा ताठर होते. भरलेल्या गाडीत कल उलटा येतो आणि खड्ड्यावरून जाताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या उसळतात. आणि दोन्ही बाजूंना जादा पाने घातली तरी आरसीवर नोंदलेले गाडीचे कमाल वजन वाढत नाही, कारण एक्सल, हब, टायर आणि ब्रेक तेच राहतात. टाकी व बॅटरीमुळे येणारा लहानसा कल घालवायचा असेल, तर मागे एक्सल आणि पाट्याच्या मध्ये कारखान्यात बनलेली, सेंटर बोल्टला जागा असलेली पातळ चकती चालते. पुढच्या, वळणाऱ्या एक्सलखाली ठोकळे घालू नयेत, आणि लाकूड तर कुठेच नको.

पाटा बदलण्याची कृती

यू बोल्ट आणि डोळ्यांचे बोल्ट यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. चाकांचे नट जमिनीवरच थोडे ढिले करावेत. गाडी उचलून चेसिसच्या दोन्ही रुळांखाली स्टँड लावावेत, चाके काढावीत आणि एक्सल स्वतंत्र जॅकने पेलून धरावा. तो नुसता लोंबू दिला, तर ब्रेकच्या रबरी पाइपवर ताण येतो. शॉकॲब्जॉर्बरचे खालचे टोक सोडवावे, मग यू बोल्ट काढावेत, जॅक हळूहळू खाली घेऊन पाट्यावरचा ताण संपू द्यावा, आणि शेवटी शॅकलचा व पुढच्या डोळ्याचा बोल्ट काढावा. सुटलेला पाटा जड असतो. उचलायला दुसरा माणूस सोबत ठेवावा. एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे एक्सल जागेवर राहतो आणि जोडणी पाहायला दुसरी बाजू समोर असते.

नवा पाटा बसवण्यापूर्वी सेंटर बोल्ट मधोमध आहे की एका टोकाकडे, हे जुन्याशी ताडून पाहावे; काही पाट्यांची दोन टोके असमान लांबीची असतात आणि उलटे बसवल्यास एक्सल पुढे-मागे सरकतो. सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरच्या भोकात पूर्ण बसले पाहिजे. ते कडेवर अडकलेले असताना यू बोल्ट आवळले, तर एक्सल तिरपा राहतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. यू बोल्ट आणि त्यांचे नट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेले आटे पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. चारही नट फुलीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणावर टॉर्क पान्याने आवळावेत. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट या वेळी फक्त हाताने लावून ठेवावेत. गाडी चाकांवर उतरवून, दाबून-सोडून झाल्यावरच ते पूर्ण आवळावेत.

काम संपल्यावर

गाडी चालवण्यापूर्वी पहिल्या दिवशीचीच आठ मापे त्याच जागेवर, त्याच क्रमाने पुन्हा घ्यावीत. नवे पाटे पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात, त्यामुळे सुरुवातीला गाडी किंचित उंच वाटल्यास काळजी करू नये. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एका दांडीने जोडलेला, भारानुसार मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडीची उंची बदलली, की त्या दांडीचे मापही चुकते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. ते पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावे आणि हेडलाइटचा झोत तपासावा, कारण कललेल्या गाडीवर जुळवलेला झोत आता समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ शकतो.

पहिला भार वाहून झाल्यावर, किंवा सुमारे पाचशे किलोमीटरनंतर, यू बोल्टचे नट पुन्हा त्याच ताणावर आवळावेत. त्याच वेळी आठ मापे आणखी एकदा घेऊन तारखेसह गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवावीत, आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर, पाट्यांतली माती धुऊन काढताना, नवे आकडे त्याखाली लिहीत जावेत.